आल्बाला सांगावा

हॅलो?… हॅलो, कोण?… हां, निकिता. बोल बेटा.

…हो, हो, मल्लम्माच बोलायले. आवाजाला काय झालं? काही न्हाई, जरा सर्दी हाय… न्हाई गं, ताप-बीप न्हाई.

…मिळाला ना मेसेज? मग झालं तर. तेच. स्पॅनिशचा क्लास बंद… अगं बंद म्हणजे बंद. पुढच्या महिन्यापासून कशाला, आजपासूनच.

…न्हाई, तू नाराज नको होऊ. तुझं काही चुकलं न्हाई. अगं ऐक ना… ऐक… तुझ्यासारखी शिकवणारी मला पुण्यात गेले असते तरी मिळाली नसती. पण आता बस.

…परीक्षा? ती तर झाली की पास. पेढे खाल्लेस ना माझ्या हातचे, विद्यापीठाच्या गेटवर उभं राहून? मग? ॲडव्हान्स झालं म्हणजे संपलंच ना?

…अजून काय बाकी हाय गं? सगळे काळ झाले. वर्तमान झाला. भूतकाळ झाला, तो पण एक न्हाई, दोन-दोन. भविष्य झाला. ते इच्छेचं, असं व्हावं, तसं न व्हावं, ज्याच्यापायी तू दिवाळीपासून होळीपर्यंत माझं डोकं खाल्लंस, ते पण झालं. आता काय राहिलं व्याकरणात?

…वाचन. बरं. वाचून काय करू?

…एक मिनिट. अहो! दूध उतू जायलंय, गॅस बंद करा!… काकांना म्हणायले. बाहेर बसलेत मघापासून… हां, बोल.

…आठवतंय की. न आठवायला काय झालं? 'आहे' म्हणायला त्यांच्यात दोन क्रियापदं, आन् मी तुझ्याशी भांडले होते, ही कसली माणसं, यांचं एका 'आहे'त भागत न्हाई… हो, आन् पहिले दोन महिने मी माझ्या एवढ्याशा नातीला 'आपण जेवलात का' म्हणायचे. तूच शिकवलं होतंस, आधी मानाचं बोलायला शिका. ती खिदळायची नुसती.

…आन् सुलाबाई! ती बी तुला माहीत हाय का? मी सांगितलं असंल. कापूस वेचताना मी आपली क्रियापदं घोकायचे, आब्लो, आब्लास, आब्ला. मी बोलते, तू बोलतोस, तो बोलतो. सुलाबाई शेजारच्या ओळीतून म्हणायली, वहिनी, देवाचं म्हणायल्या का? मी म्हणले, हो बाई, देवाचंच. तर मागून ती पण सुरू. आब्लो, आब्लास. पट्टीतल्या सगळ्या बाया आब्लो-आब्लास करायल्या…

…हसू नको गं. मला पण हसवू नको आज.

…न्हाई. न्हाई रडायले.

…हो, रडायले. तुझ्यापासून काय लपवायचं.

…आल्बा… न्हाई न्हाई, बरी हाय. तब्येत चांगली हाय लेकराची. मघाशी दुपारी फोन आला होता तिचा, तिकडं सकाळ, रविवार ना… थांब, पाणी पिते.

…हां. कसं सांगू तुला? तुला माहीतच हाय मी तुझ्याकडं का आले होते. माझी शिवरंजनी गेली, आन् मागं तिचं लेकरू राहिलं तिकडं परदेशात, कोर्दोब्याला. त्याला मराठी येत न्हाई, मला त्याचं काही कळत न्हाई. माझ्या लेकीचं एकुलतं एक, आन् मी त्याला 'जेवलीस का' पण विचारू शकत न्हाई. तूच म्हणली होतीस, काकू, दोन वर्षं द्या मला, तुमी नातीशी पोटभर बोलाल.

…बोलले. आज बोलले पोटभर.

…काय झालं काय! मीच शहाणपणा केला. आजपर्यंत कसं असायचं, जावई फोन धरून बसायचा, ती येणार, दोन मिनिटं कुजबुजणार, पळून जाणार. मला त्यातलं अर्धं कळायचं, अर्धं न्हाई. तुझ्या पुस्तकातलं स्पॅनिश म्हणजे पुण्याचं मराठी गं, आन् तिचं म्हणजे आपल्या ताडकळसचं, शेवटचं अक्षर गिळूनच टाकतात. आज जावई ब्रेड आणायला गेला होता. फोन तिच्या एकटीच्या हातात. मला आली फुशारकी. म्हणले, आल्बा, आजी मोठी परीक्षा पास झाली, आता आजीला सगळं समजतं. आज काय ते समदं सांग मला. जे कुणाला सांगत न्हाईस ते पण सांग.

…हो. तिनं सांगितलं.

…तुला म्हणत होते बघ मी, लय हळू बोलती, फोन कानाला चिकटवून ऐकावं लागतं. मी गल्लीत सांगत फिरायचे, माझी नात किती गुणाची, आवाज म्हणून चढवत न्हाई. ती हळू का बोलती, माहीत हाय?

…आई उठंल म्हणून.

…आई. शिवरंजनी. तिची आई… अगं, ती झोपलीय इथं. माझ्या घरात. लेकराच्या हिशोबानं ती इथंच हाय, ताडकळसला, आजीकडं, आजारी हाय, झोपलीय.

…थांब, थांब. मलाच नीट लावता येईना. सांगते.

…शिवा दवाखान्यात होती ना, तवा लेकराला सांगायची, मी बरी व्हायला माहेरी जाणार हाय. आपल्याकडं लेक आजारी पडली की काय करतात? माहेरी आणतात. खाऊ घालतात, झोपू देतात, कामाला हात लावू देत न्हाईत. आन् चांगली झाली की धाडतात परत. ते सगळं तिनं त्या लेकराला सांगितलं असणार, मन रमवायला. आल्बाला मराठी दोनच शब्द येतात बघ. एक आजी. आन् दुसरा माहेर.

…मग ती गेली. आन् मी हट्ट धरला. आमच्या लिंगायतांत जाळत न्हाईत गं. माती देतात, बसवून, गळ्यातलं लिंग हातावर ठेवून. तिकडं जाळणार म्हणल्यावर माझा जीव थाऱ्यावर राहिना. पुतण्याच्या तोंडून इंग्रजीत सांगितलं जावयाला, पाया पडते तुमच्या, माझी लेक माझ्याकडं पाठवा. माझ्या शेतात माती द्यायची मला तिला. आणली बिचाऱ्यानं. हजारो कोसावरनं घेऊन आला. आन् निघताना लेकरानं विचारलं, आई कुठं चालली? त्याच्या तोंडाला दुसरं काय येणार? म्हणला, माहेरी.

…हो ना. खोटं कुठं बोलला तो.

…पण मी काय केलं, ऐक. पहिल्या फोनपासून ती विचारायची, 'मामा? माहेर?' मामा म्हणजे आई, एवढं मला जावयानं सांगितलेलं. आन् माहेर तर माझाच शब्द! मी हरखून जायचे गं. माझ्या नातीला माहेर म्हणता येतं! मी म्हणायचे, 'सी, सी, माहेर!' हो, हो, माहेर! मला वाटायचं, ती मला खूश करायला म्हणती.

…सोयऱ्यांपुढं आपण न्हाई कुठं म्हणतो? कळलं तरी हो, न कळलं तरी हो. जावयाच्या घरचं काही असलं की मान हलवायची. तसंच ते. सी, सी, सी.

…न्हाई गं, थांब, अजून हाय. शेवंतीला फुलं आली होती तवा मी फोनवर शेत दाखवलं होतं तिला. शिवाची समाधी दाखवली, नवा ओटा, वर पत्र्याची सावली केलेली. मला वाटलं, लेकरानं आईला नमस्कार करावा. तिनं काहीतरी विचारलं, मी म्हणले सी. आज तिनंच आठवण काढली त्याची. आजी, म्हणली, आईची खोली लय लहान हाय. तिला आत गरम होत असंल.

…

…हॅलो? हाईस का?

…तू कशाला रडायलीस? रडू नको. घरी कोण हाय का तुझ्याजवळ?… मग पाणी पी. पी आधी.

…शाळेत एकीनं सांगितलं म्हणे तिला, तुझी आई मेली. ही भांडली तिच्याशी. खोटं बोलतीस म्हणली, माझ्या आजीला विचारलंय मी, दर रविवारी विचारते, आई तिच्याकडंच हाय. माझं नाव सांगितलं गं तिनं! साक्षीदार केलं मला. आन् मी इकडं क्रियापदं घोकायले.

…आन् शेवटी काय म्हणली, तुला तसंच सांगते. म्हणली, आजी, तुला आता सगळं समजतं ना? मग आईला एक सांग. सांग की आल्बा आता ओरडत न्हाई. कधीच ओरडत न्हाई. घरात पळत पण न्हाई. तिला म्हणावं, आता आलीस तरी चालंल.

…

…शिवाचं डोकं दुखायचं शेवटी शेवटी. आवाज सहन होत नसंल. कुणीतरी म्हणलं असंल लेकराला, ओरडू नको, आईला त्रास होतो. त्याच्यावर तिनं सगळं बांधलं. एवढ्याशा जिवानं दोन-अडीच वर्षं आवाज दाबून धरलाय. आन् मी तिला म्हणायचे, किती गं शहाणी, अशीच हळू बोलत जा.

…कसं न्हाई लावून घ्यायचं जिवाला? तू असतीस माझ्या जागी तर?

…मग काय केलं! फोन कापला. खोटं बोलले. म्हणले रेंज न्हाई, आवाज येत न्हाई, मग बोलू. इतकं व्याकरण शिकून मला तेवढंच वाक्य सुचलं. तर म्हणली, बरं आजी, मी नाष्टा करून पुन्हा लावते. आन् हळूच म्हणली, तोवर आईला उठव.

…म्हून म्हणायले, बंद कर तुझा क्लास. मला न्हाई शिकायचं पुढचं. काही येत नव्हतं तवा बरी होते गं मी. ती हसायची, मी हसायचे. काय करू ह्या व्याकरणाचं आता, चुलीत घालू?

…न्हाई, तुझ्यावर न्हाई चिडले. कुणावर चिडू, तेच कळंना.

…लावला ना, जावयाला लावला लगेच. रस्त्यातच होता तो. म्हणले, मार्कोस, असं असं म्हणती पोरगी. तुमी तिला अजून सांगितलं न्हाई? तर तो रस्त्यात उभा राहून रडायला लागला. म्हणला, पहिल्या दिवशी माझ्यानं बोलवलं न्हाई. मग वाटलं, थोड्या दिवसांनी सांगू. मग तुमी फोनवर 'हो, माहेरी हाय' म्हणायला लागलात. मला वाटलं, तुमच्या लोकांत लेकराला असंच सांगतात. आईचा मान राखावा म्हणून मी पण तेच धरून बसलो.

…हां. त्याला वाटलं आमची रीत हाय. मला वाटलं लेकराला ठाऊक हाय. मधल्या मधी ती एकटीच राहिली.

…तो म्हणला, मी सांगतो आता घरी जाऊन. मी म्हणले, नका सांगू.

…का म्हणजे? निकिता, तुमच्या परभणीत न्हाई राहिलं आता, पण आमच्याकडं अजून हाय. माणूस गेलं की सांगावा जातो. आन् सांगावा कुठून जातो? जिथं माती असती त्या घरून जातो. शिवाचा सगळीकडं गेला. जिंतूरला गेला माझ्या भावांकडं, पूर्णेला गेला, परभणीला तिच्या मैत्रिणींना गेला. लांबची लांबची माणसं आली मातीला. जिची आई होती तिलाच न्हाई गेला. माझ्या घरून जायला पायजे होता, न्हाई गेला. आता बापानं सांगितलं तर ती म्हणंल, तू खोटा, आजीला माहीत हाय. मीच सांगायला पायजे.

…लहान हाय, मला कळत न्हाई का? सात पण पुरी न्हाई. पण रोज ती ओठ दाबून बसलीय त्याचं काय? आई आपल्यामुळं गेली असं वाटतंय तिला. ते मी आजचा दिवस पण ठेवू देणार न्हाई तिच्या पोटात.

…हो. आजच. नाष्टा झाला की लावंल ती.

…मला फक्त एवढं सांग, कसं म्हणू? मी जुळवून बघायले मघापासून… न्हाई, 'गेली' नको. 'गेली' म्हणलं की लेकरू म्हणतं, कधी येणार?… 'झोपली' तर मुळीच नको!… 'आकाशात' पण नको गं. ती म्हणंल, मी तर तुझ्या शेतात बघितली तिची खोली… आमच्यात म्हणतात लिंगैक्य झाली. ते मी तिला कुठल्या भाषेत सांगू?

…सरळ. सरळच सांगते. 'मामा मुरिओ.' आई मेली… बरोबर हाय ना? बघ बाई, नीट ऐक. मुरिओ… शेवटाला जोर. हां. मुरिओ.

…निकिता, मी हे मराठीत अजून एकदा पण बोलले न्हाई. कुणापुढंच न्हाई. आमच्या यांच्यापुढं पण न्हाई. गेली म्हणते, न्हाई राहिली म्हणते, देवानं नेली म्हणते. 'माझी शिवा मेली' असं तोंडातून निघालंच न्हाई कधी. आता पहिल्यांदा म्हणायचं ते तिच्या लेकराला.

…आन् हे बघ, दुसरं वाक्य. 'तुझ्यामुळं न्हाई.' ते येतं मला. ते चांगलं येतं. तेच पुन्हा पुन्हा म्हणणार हाय… हो, आजारानं. आजाराचं नाव नको. बरं. आन् दवाखान्यातल्या लोकांनी लय केलं, पण न्हाई झालं… हां, तो संपलेला भूतकाळ लावते. कळलं.

…थांब गं… काय म्हणता? या ना मग आत. बसा इथं माझ्याजवळ… काका आलेत. त्यांना काही समजणार न्हाई पण बसतो म्हणतात. हात धरून बसतो म्हणतात. आयुष्यात कधी धरला न्हाई चार माणसांत, आता बघ.

…न्हाई, तुला नको घ्यायला मधी. न्हाई, अडलं तरी नको. अडले तर अडले, रडले तर रडले. तिघींचा फोन करून कुणी सांगावा सांगतं का? तिला तिच्या आजीकडूनच ऐकू दे.

…विचारंल ना. लय विचारंल. कुठं गेली, का गेली, तिला आत भीती वाटत असंल का, मला कधी आणणार तिच्याजवळ. आन् इतके दिवस तू हो-हो का म्हणत होतीस, ते पण विचारंल. त्याचं उत्तर हाय का तुझ्या कुठल्या धड्यात?… स्पॅनिश राहू दे, मराठीत तरी काय म्हणायचं असतं, ते सांग.

…राहू दे. ते मीच बघते.

…क्लासचं… न्हाई, आता कसा बंद करता येईल? आता तर ती खरं बोलंल माझ्याशी. ओरडंल, भांडंल, शिव्या देईल. ते सगळं समजायला पायजे ना मला? ते हळू बोलणं होतं तवर अर्धं कळलं तरी भागलं. बुधवारी येते मी. पण आज तू रडू नको. जेवून घे काहीतरी.

…हॅलो? मधी आवाज कसला?…

…आला गं. आला तिचा फोन. वाजायलाय मधी.

…हो, हो, घेते. घेते ना. पदर घेऊ दे डोक्यावर… अहो, चष्मा, चष्मा द्या तो…

…निकिता, ऐक ना. तू ठेव. मी न्हाई ठेवू शकत, तू ठेव आधी. तू ठेवलास तर मला घ्यावाच लागंल तिचा… हो. हो, बाळा. ठेव. ठेव ना…

…

निकिता?

…

ओला… हॅलो, आल्बा… सी. आजीच हाय…

…

नो, बाळा. न्हाई उठवलं आईला.

…

नो.